पेव

आमच्या स्टोअरमधलं एक बिन कार्ड मी फाईलला न लावता माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. पिवळट पुठ्ठ्याचं, वरच्या भोकात सुतळी ओवलेली, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी ऑईलच्या अंगठ्याचा ठसा. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. एक नोंद २१ मार्च २०२० ची आहे, शनिवारची: जावक ८००, शिल्लक ३४०. तिच्या लगेच खालची नोंद २७ मेची: आवक १,६००. मधल्या दोन महिन्यांसाठी कार्डावर वेगळी जागा सुटलेली नाही. कार्डाला काय, एक ओळ संपली की दुसरी. पण २७ मेच्या नोंदीत एक गडबड आहे. आवक झाली की शेजारी जीआरएनचा नंबर लागतो, माल कुठून आला त्याचा. तिथं मी नुसती आडवी रेघ मारलीय. त्या रेघेसाठी ऑडिटमध्ये बोलणी खाल्ली आणि म्हणून ते कार्ड ड्रॉवरमध्ये आहे.

भोसरी एमआयडीसीतल्या तीस माणसांच्या एका शेडमध्ये मी परचेस आणि स्टोअर बघते. लागले तेव्हा ‘स्टोअर क्लार्क’ होते, आता मेलच्या खाली ‘सप्लाय चेन मॅनेजर’ असं येतं. काम तेच. सकाळी आल्या आल्या विचारायचं, गाडी निघाली का? संध्याकाळी जाताना विचारायचं, गाडी पोचली का? ‘पुरवठा साखळी’ हा शब्द मी पेपरात वाचते. आमच्याकडे कुणी साखळी म्हणत नाही. आमच्याकडे ‘माल’ असतो आणि तो एकतर असतो किंवा नसतो.

आम्ही बनवतो त्यातली एक वस्तू सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुचाकीच्या ब्रेक पेडलला लागणारी पिन. करंगळीएवढी. ईएन-८ पोलादाचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत सळई, यार्डातून येतो, आमच्या ट्रॉब मशीनवर त्याचे तुकडे होऊन घडतात, मग पिना हार्डनिंगला एका शेडमध्ये जातात, परत येऊन ग्राइंडिंग होतं, मग प्लेटिंगला दुसऱ्या शेडमध्ये जातात, परत येतात, तपासून खोक्यात भरतात आणि चाकणला कस्टमरकडे जातात. एवढीशी पिन दर फेरीला छोट्या हत्तीत बसून चलानाचा कागद घेऊन हिंडत असते. पाच ठिकाणची माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. ओळखायची वेळ येते ती कुठंतरी काहीतरी अडलं की.

माझं माहेर हरिपूर. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. सांगलीहून येताना रस्त्याला चिंचेची जुनी झाडं. बाहेरच्यांना हरिपूर संगमेश्वराच्या देवळामुळं ठाऊक असतं. हळदीच्या व्यापाऱ्यांना ते पेवांमुळं ठाऊक. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर तोंड लहान, माणूस जेमतेम आत उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, पंधरा-वीस फूट खोल. रांजण पुरावा तसं. तिथली मातीच अशी चिवट की खणलेलं ढासळत नाही आणि ओल आत येत नाही. भिंती शेणानं सारवायच्या, तळाला आणि कडेनं उसाचं पाचट लावायचं, चटया अंथरायच्या आणि हळद भरायची. तोंड बंद करून वर माती. हवाच नाही म्हटल्यावर किडा नाही, टोका नाही. अशी हळद वर्षानुवर्षं राहते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या पेवांची पुन्हा थोडी चर्चा झाली.

माझे आजोबा पेवं भरायच्या-काढायच्या कामावर जायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे, अजून थांबा. तेवत राहिला तर उतरायचं. लहानपणी मी काठावर बसून हे पाहिलंय. खाली जाणारा उजेड, त्या उजेडात पिवळ्याधमक भिंती आणि वर येणारा एक कोंदट, उष्ण वास, जो मला आजही फोडणीत हळद पडली की क्षणभर येतो. कंदील तळाला टेकेपर्यंत काठावरची माणसं बोलत नसत.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण क्लासेसचं पेव फुटलं, हॉटेलांचं पेव फुटलं असा सर्रास वापरतो. पेव पाहिलेल्या माणसाला तो वेगळा ऐकू येतो. दाबून, झाकून, वाट बघत ठेवलेलं एकदम बाहेर येणं.

पण पेवाचं कौतुक करताना एक गोष्ट मी विसरू शकत नाही, कारण ती आमच्याच घरातली आहे. आजोबांची स्वतःची हळद पेवात कधी गेली नाही. अर्ध्या एकराची हळद निघायची, शिजवून वाळवून पॉलिश होईपर्यंत उधारीवाले दारात. मग तशीच यार्डात. ज्याला थांबता येत होतं त्याची हळद पेवात जायची आणि भाव चढला की बाहेर यायची. बाजारात याला ‘दम’ म्हणतात. दम असेल तो माल धरून ठेवतो. आजोबांकडे उतरायचा दम होता, थांबायचा नव्हता.

हे सगळं मला भोसरीत आल्यावर पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मी लागले तेव्हा आमच्या शेठच्या तोंडी एकच शब्द होता, जेआयटी. जस्ट इन टाइम. गोष्ट टोयोटाची, ताइची ओहनो या त्यांच्या इंजिनियरची. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढं उचलतं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं, मग कारखान्यातही तसंच का करू नये, असा त्यांचा विचार. साठवलेला माल म्हणजे ‘मुदा’, वाया गेलेला पैसा. साठा कमी केला की त्याखाली झाकलेले दोष उघडे पडतात. यात खोटं काही नाही. मी स्वतः पाहिलंय, गोडाऊन भरलेलं असलं की मशीन बिघडल्याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

एक कन्सल्टंट आले होते. त्यांनी आमच्या स्टोअरमध्ये उभं राहून प्रत्येक रॅककडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “मॅडम, हे सगळे पैसे इथं झोपलेत.” मी हो म्हटलं. माझ्यामागं स्टोअरचे मामा उभे होते, ते हळूच म्हणाले, “झोपू द्या की. रात्री कुणाला तरी उठवायला लागतंयच.”

मामांबद्दल नंतर. आधी टोयोटाची गोष्ट पुरी करते, कारण आमच्याकडे ती अर्धीच सांगितली जाते.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमधल्या कारिया इथं आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला पहाटे आग लागली. तिथं ब्रेकच्या दाबाचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह एकट्या तिथून जायचे. साठा काही तासांचा. दोन-तीन दिवसांत टोयोटाच्या लाईनी थांबल्या. मग जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आयसिननं ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुली केली. शंभर-दोनशे लहानमोठ्या कारखान्यांनी आपापल्या मशीनवर, मिळेल त्या हत्यारानं तो व्हॉल्व्ह करायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती, जिनं मोटारीचा भाग कधी केलेला नव्हता. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. कुणी आधी दर ठरवत बसलं नाही. पुढं टोयोटानं आपल्या पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना मोबदला दिला, त्यांनी तो खाली वाटला.

म्हणजे साठा शून्य ठेवायची हिंमत त्या नात्याच्या जोरावर होती. आमच्या पट्ट्यात गोष्टीचा पहिला भाग आला. शून्य साठा आला, नातं बंदरावरच राहिलं.

आमच्या कस्टमरच्या आवारात आमच्या पिनेचा साठा दोन तासांचा असतो. ही त्यांच्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे, भिंतीवर बोर्ड लावलाय. मग तो साठा गेला कुठं? त्यांच्या गेटपासून चार किलोमीटरवर एक भाड्याचं गोडाऊन आहे. तिथं आमचा सात दिवसांचा माल पडून असतो. भाडं आमचं, विमा आमचा, चोरी झाली तर आमची. पिन त्यांच्या लाईनवर बसेपर्यंत ती आमची, आणि त्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे. कन्सल्टंटच्या भाषेत साठा ‘कमी झाला’. माझ्या रजिस्टरमध्ये तो वाढला. साठा कधी हवेत विरत नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या शेडमध्ये जाऊन बसतो. पेवाच्या अगदी उलट. तिथं दम असणारा माल धरायचा, इथं दम नसणाऱ्याला धरायला लावतात.

बरं, धरायला पैसे लागतात, ते बँकेकडून. दर महिन्याला मी बँकेला स्टॉक स्टेटमेंट पाठवते. स्टॉकच्या किमतीतून आमची देणी वजा, उरलेल्यातून पंचवीस टक्के मार्जिन वजा, त्यात येणी धरायची, तीही मार्जिन कापून, आणि मग आमची उचल किती ते ठरतं. यातली मेख येण्यांमध्ये आहे. नव्वद दिवसांपेक्षा जुनं बिल बँक धरत नाही. कस्टमरनं ब्याण्णवाव्या दिवशी पैसे दिले तर मधले दोन दिवस ते बिल बँकेच्या लेखी नसतंच. म्हणजे ज्या महिन्यात बाजार आक्रसतो आणि पैसे उशिरा येतात, नेमकी त्याच महिन्यात आमची उचल कमी होते. छत्री उन्हाळ्यात मिळते, पाऊस लागला की परत मागतात. आणि गंमत अशी की तीच पिन बँकेच्या कागदावर मालमत्ता, कन्सल्टंटच्या कागदावर मुदा आणि नोंदीवर एक तारीख उलटली की ‘नॉन-मूव्हिंग’.

कायदा आहे. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. कागदावर वाचताना अंगावर मूठभर मांस चढतं. कायदा आल्यापासून मी त्या व्याजाचं एक बिल काढलेलं नाही, कारण बिल काढणाऱ्याला पुढच्या महिन्याचं शेड्यूल येत नाही, हे सांगायला कुणी लागत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जाणार नाही. मार्च २०२४ मध्ये आमच्याकडे कधी नव्हे ते पैसे वेळेत आले. आमच्या ओळखीच्या एका शेडवाल्याला मात्र फोन आला, तुमची उद्यम नोंदणी, लघुउद्योग असल्याची, रद्द करता येते का बघा ना. इतक्या मऊ आवाजात, की तो क्षणभर विचार करायला लागला.

आता आसुडाबद्दल. माझ्या मुलाच्या एमबीएच्या पुस्तकात ‘बुलव्हिप इफेक्ट’ नावाचा धडा होता आणि तो वाचून मला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला दिसलं की बाळं तर रोज साधारण सारखेच डायपर ओले करतात. दुकानातली विक्री थोडीशीच खालीवर होते. पण वितरकांच्या ऑर्डरी जास्त हेलकावे खातात, आणि कंपनीच्या स्वतःच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून जास्त. आसूड हातात जेमतेम हलतो, टोकाला फटका बसतो. १९९७ साली स्टॅनफर्डच्या हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची कारणं मांडली. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं कारण असं: टंचाई होणार म्हटलं की प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त मागतो, कारण कापून मिळणार हे त्याला माहीत असतं.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबी संपत आल्याची कुणकुण लागली की असंच होतं.

२०२० च्या गणपतीनंतर बाजार उसळला. लोकांना बसमध्ये बसायचं नव्हतं, दुचाकी हवी होती. शेड्यूल अडीच हजारांवरून साडेतीन, मग साडेचार. वरच्यानं दहा टक्के जास्त मागितले, मधल्यानं त्यावर दहा टाकले, आम्ही घाबरून बारची ऑर्डर आणखी वाढवली, यार्डवाल्यानं मिलला आमच्या दुप्पट सांगितलं असणार. पोलादाचे भाव चढतच होते, त्यामुळं घाई करणारा शहाणा ठरत होता. मग २०२१ उजाडलं आणि चिपा मिळेनात. आमच्या पिनेत चिप नाही. पण ज्या गाडीत चिप नाही ती गाडी लाईनवरून उतरत नाही, आणि तिची पिन माझ्या गोडाऊनमध्ये. टोकाचा फटका म्हणतात तो हा. त्याच वर्षी मार्चमध्ये एक जहाज सुएझच्या कालव्यात सहा दिवस आडवं पडलं, तेव्हा घरात सगळे व्हॉट्सअॅपवरचे विनोद वाचून हसत होते. मीही हसले. हसता हसता मनात मात्र मोजत होते, आपल्या यार्डवाल्याचं काही त्याच्या मागं अडकलेलं नाही ना.

माझ्या चुकीचंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडणं होईल. एप्रिल २०२२. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन दोन महिने झालेले, पोलाद कडाडलेलं. यार्डवाला रोज फोन करायचा, ताई, पुढच्या आठवड्यात आणखी चार रुपये वाढतायत. मी शेठच्या डोक्यापाशी बसले. म्हटलं, आत्ता आठ टन उचलू, तीन महिन्यांची बेगमी होईल. शेठ कधी नव्हे ते माझं ऐकून गप्प झाले आणि चेक फाडला. २२ मेला सरकारनं पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर पंधरा टक्के निर्यात शुल्क लावलं. बाहेर जाणारा माल देशात राहिला, भाव कोसळला. आमच्या बारचा भाव किलोमागं अकरा रुपयांनी पडला. आठ टनाला अकरा रुपये, अठ्ठ्याऐंशी हजार. कस्टमरनं लगेच पिनेचा दर कमी करून मागितला, बाजार पडलाय ना. ते शुल्क नोव्हेंबरमध्ये काढूनही टाकलं. शेठ मला एका शब्दानं बोलले नाहीत. तो बार संपेपर्यंत मी त्या कोपऱ्यातून जायचं टाळायचे, लांबून वळसा घालून कँटीनला जायचे.

तेव्हा मला समजलं की मी बेगमी केलीच नव्हती. मी भावावर खेळले होते आणि त्याला आईचा शब्द लावला होता.

कारण आईची बेगमी वेगळी असायची. उन्हाळ्यात वर्षाचे गहू घ्यायचे, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. तांदूळ, तूरडाळ, तिखट, कुरडया. भाव बघून ती कधी जास्तीचं घेत नसे, घरात तोंडं किती ते बघून घेत असे. आणि गहू भरायची, पीठ नाही. दळण पंधरा दिवसांचंच. पिठाला जाळी धरते, गव्हाला लवकर धरत नाही. शिवाय गव्हाचं काहीही होतं. पोळी होते, लापशी होते, सणाला खीर होते, भिजवून चीक काढला की कुरडई होते. दळला की त्याची वाट ठरली.

हे मला पन्नाशीला पोचताना, कारखान्यात बसून कळावं याचं हसू येतं. आम्ही आता बार ठेवतो, पिना नाही. त्याच व्यासाच्या बारातून आमचे पाच वेगवेगळे भाग निघतात. कुठला लागेल ते माहीत नसेल तर दळून कशाला ठेवायचं? तयार माल तेवढाच जेवढा चाकणच्या त्या गोडाऊनला द्यावा लागतो. फक्त एक अपवाद, आणि तो मामांमुळं कळला.

मामा उदगीरकडचे. सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मात्र कोरल्यासारखं. २०१८ साली रिटायर होऊन गावी गेले. स्टोअरच्या मागच्या भिंतीला एक गंजका रॅक होता, त्याला सगळे ‘मामांचा रॅक’ म्हणायचे. कुठल्याही लॉटमधली एक-दोन खोकी मामा तिकडं सरकवायचे. कार्डावर नोंद नाही. मी ओरडायचे. “मामा, ऑडिटला काय सांगू?” “सांगा म्हातारा चोरतो.” एकदा मीही चिडून तो रॅक रिकामा करायला सांगितलं होतं, मामांनी ‘हो’ म्हणून तो दोन फूट मागं सरकवला.

ते गेल्यावर मी तो रॅक भंगारात काढणार होते. पण २०१९ ला मंदी आली, त्या वर्षी काढण्यासारखं इतकं काही होतं की ते राहून गेलं.

मे २०२०. चाकणची लाईन सुरू होणार असा फोन आला, रोजच्या साडेचारशे पिना हव्यात. आमची शेड उघडली तर तीस माणसांतली अकरा हजर. तेवढ्यांत ट्रॉब चालवता येत होती. हार्डनिंगवालाही तयार होता. प्लेटिंगवाल्याच्या शेडला कुलूप. त्याची सगळी पोरं बिहारची, कुणी चालत निघालेली, कुणी मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्यावर गेलेली. तो स्वतः फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाला, “ताई, टाकीत केमिकल आहे, पण हात घालणारं कुणी नाही.” कार्डावर शिल्लक ३४०. एका दिवसाची सुद्धा नाही.

मी मास्क लावून मागच्या भिंतीपाशी गेले. धूळ, कोळ्याची जाळी, एका खोक्यात पालीची अंडी. ऑईल पेपरमध्ये गुंडाळलेल्या, प्लेटिंग झालेल्या पिना. क्वालिटीच्या पोरानं एकेक मोजून तपासली. १,६२३ निघाल्या, त्यातल्या २३ डागाळलेल्या, १,६०० चांगल्या. चार दिवसांचा माल. चौथ्या दिवशी तळवड्यात दुसरा प्लेटिंगवाला सापडला, नवरा-बायको दोघं मिळून टाकी चालवत होते.

ती आडवी रेघ म्हणजे हे. जीआरएन नंबर काय लिहिणार होते?

मामांचं सगळंच काही कामाला आलं नाही, हेही सांगते. त्याच रॅकवर सायलेन्सरच्या ब्रॅकेटचे दोन खोकी बुश होते. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले, डिझाइन बदललं, ते बुश किलोच्या भावानं भंगारात गेले. पण मी नंतर बसून विचार केला तेव्हा जाणवलं की मामांच्या रॅकवर सगळ्यात जास्त खोकी प्लेटिंगच्या मालाचीच होती. त्यांनी काही सिद्धांत मांडला नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की बार दहा ठिकाणी मिळतो, मशीन आपली आहे, हार्डनिंगवाले तिघं आहेत आणि प्लेटिंगवाला एकच, तोही दर छठपूजेला आणि दर होळीला गावी जाणारा. धागा जिथं एकेरी आहे तिथं त्यांनी गाठ मारून ठेवली होती. टोयोटानंही २०११ च्या भूकंपानंतर हेच केलं. कुठल्या मालाला दुसरा वाली नाही ते खालपर्यंत खणून काढलं आणि चिपांसारख्या वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. साठा म्हणजे मुदा म्हणणारी कंपनी ती हीच. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला बाकीच्यांच्या लाईनी अडखळत होत्या तेव्हा त्यांची बराच काळ चालू राहिली. ‘पुरवठादारांना ठेवायला लावला’ हे वाचताना माझी भुवई वर गेली, पण निदान त्याबद्दल त्यांना दरवर्षीच्या दरकपातीत सूट मिळे असंही वाचलं. तेवढंही आमच्याकडे चालेल.

पेवांचं काय झालं, ते कुणीतरी विचारेलच. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांत गेलं. चिवट मातीनं वर्षानुवर्षं बाहेर अडवलेली ओल वरच्या तोंडातून एकदम आत. हळद कुजली, किती पेवं कायमची गेली. तोवर आजोबा नव्हते. आता हळद कोल्ड स्टोअरेजमध्ये जाते, त्याची पावती बँकेत तारण ठेवता येते. उरलेली पेवं बघायला कधीमधी कॅमेरे घेऊन लोक येतात. सगळा माल एकाच नदीकाठच्या पोटात भरून ठेवण्यातला धोका सांगणारं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि जूनपर्यंत विजेवरच्या दुचाकींच्या कंपन्यांत धावपळ सुरू झाली. ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावला. आमच्या पिनेत चुंबक नाही आणि ती अमेरिकेला जात नाही. शेठनी तरी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “काय वाटतं?” मी म्हटलं, आपल्या पिनेत चिपही नव्हती.

गेल्या ३१ मार्चला वार्षिक स्टॉक-टेकिंग होतं. नवा मुलगा स्कॅनर घेऊन फिरत होता, प्रत्येक खोक्यावर बारकोड. मागच्या भिंतीचा रॅक यंदा खरोखरच हलवायचा ठरलं होतं, तिथं दुसरी कॉम्प्रेसरची पाइप जाणार आहे. रॅक ओढला तर भिंतीच्या आणि पत्र्याच्या फटीत उभं सरकवलेलं एक खोकं. वर पिवळी पडलेली टेप आणि त्या कोरीव अक्षरात, ‘हात लावू नये. ४२०’.

“मॅडम, हे सिस्टिमला नाहीच,” मुलगा म्हणाला. “लोकेशन काय टाकू?”

मी टाईप करायला सांगितलं, ‘पेव-१’. त्यानं शब्द पुन्हा विचारला, मग टाकला. मोजल्यावर ४१२ भरल्या. स्वतःच्या अक्षराला मामा कधी चुकले नव्हते, म्हणून मला चैन पडेना. दुपारी उदगीरला फोन लावला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. सुनेनं फोन नेऊन दिला.

“मामा, रॅकच्या मागचं खोकं सापडलं. चारशे वीस लिहिलंय.”

“किती निघाल्या?”

“चारशे बारा.”

“बरोबर हाय,” मामा म्हणाले. “आठ मी दिवाळीला काढल्या हुत्या. तुम्ही सुट्टीवर होतात.”